मुलुंडचा वन बीएचके लवकर विकायचा आहे, अनुभव आणि सल्ला हवा

मुलुंडची_लेक

नमस्कार मंडळी. मुलुंड पूर्वेला नवघर रोडच्या बाजूला माझ्या आई-बाबांचा वन बीएचके आहे. सोसायटी १९८३ ची, तळमजला अधिक तीन, आमचं घर सगळ्यात वर आणि लिफ्ट नाही. कार्पेट ४०५ चौरस फूट. बाबा गेल्या वर्षी गेले. आईचे दोन्ही गुडघे इतके दुखतात की ती आता आठवडा-आठवडा खाली उतरत नाही. भाजीसुद्धा वरून पिशवी सोडून घेते. ठाण्यात माझ्या घराजवळ लिफ्टच्या इमारतीत तिच्यासाठी एक तयार घर पाहिलंय, तो मालक दिवाळीपर्यंत थांबायला तयार आहे. म्हणजे हे घर त्याच्या आत विकायला हवं.

इथल्या एका एजंटाने गिऱ्हाईक आणलंय. कर्ज वगैरे भानगड नाही, दहा दिवसांत व्यवहार पूर्ण, पण ८५ लाख देणार आणि त्यातले २० रोख. आमच्या अंदाजाने एक कोटीच्या आसपास यायला हवेत. एजंट म्हणतो, "जुनी बिल्डिंग, पार्किंग नाही, घर अजून गेलेल्या माणसाच्या नावावर. पावसाळ्यात याहून चांगलं गिऱ्हाईक मिळणार नाही." आई घाबरून हो म्हणायच्या बेतात आहे. मुंबईत हल्ली कुणी घाईत घर विकलंय का? घाई म्हणजे एवढे पैसे सोडावेच लागतात का?

अबोली

ताई, आधी थोडी माहिती द्या. शेअर सर्टिफिकेट कुणाच्या नावावर? नॉमिनी कोण? मृत्युपत्र आहे का? वारस किती? घरावर कर्ज आहे का? आणि बाबांनी घर बिल्डरकडून घेतलं की दुसऱ्या कुणाकडून?

मुलुंडची_लेक

शेअर सर्टिफिकेट बाबांच्या एकट्याच्या नावावर. नॉमिनी आई. मृत्युपत्र नाही. वारस आई, मी आणि भाऊ, तो दुबईला असतो. कर्ज नाही. घर बाबांनी १९९१ साली पहिल्या मालकांकडून घेतलं. तो करार मूळ प्रतीत आहे, नोंदणीची पावतीही आहे. पहिल्या मालकांचा बिल्डरबरोबरचा करार मात्र फक्त झेरॉक्स आहे.

जुना पार्लेकर

मी बँकेच्या गृहकर्ज विभागात नोकरी करून निवृत्त झालो. पुनर्विक्रीच्या फायली वाचण्यातच बरीच वर्षं गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

त्या गिऱ्हाइकाने कमी केलेले पंधरा लाख पावसाळ्याचे नाहीत, लिफ्टचेही नाहीत. ते तुमच्या फायलीतल्या भोकांचे आहेत. मुंबईत साधं नोकरदार गिऱ्हाईक कर्जाशिवाय घर घेऊ शकत नाही, आणि बँकेचा वकील अपुरी फाईल पुढे जाऊ देत नाही. म्हणजे आज तुमच्या घराला कर्जवाला माणूस गिऱ्हाईकच होऊ शकत नाही. रोकडवाला ते ओळखून आहे. तो तेवढे पैसे कापणार, तुम्ही न केलेली कागदपत्रं स्वतः करून घेणार आणि मग पूर्ण भावाने विकणार. तीच कागदपत्रं तुम्ही केलीत तर ते पैसे आईचे.

भोकं दोन आहेत.

पहिलं वारसाचं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सहकार कायद्यात हे स्पष्ट आहे: कायदेशीर वारसांच्या नावावर सभासदत्व होईपर्यंत नॉमिनी तात्पुरता सभासद असतो, वारसांच्या वतीने. आई एकटीने सही करून विकलं तर तुमचा आणि भावाचा हिस्सा मोकळाच राहतो, आणि असं घर कुठलीही बँक घेणार नाही. मृत्युपत्र नसल्यामुळे तिघांचाही सारखा हिस्सा. सगळ्यांत सरळ मार्ग म्हणजे तुम्ही आणि भावाने आईच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र, म्हणजे आपला हिस्सा तिला सोडल्याचा दस्त, करून द्या. जवळच्या नात्यात, मोबदला न घेता असेल तर मुद्रांक शुल्क ५०० रुपये, नोंदणी फी वेगळी. मग सोसायटी आईचं नाव लावेल.

भाऊ येऊ शकत नसेल तर त्याने दुबईतल्या भारतीय वकिलातीत कुलमुखत्यारपत्र (आपल्या वतीने सही-व्यवहार करण्याचा अधिकार देणारा कागद) साक्षांकित करून पाठवावं. ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरावं लागतं, हे लोक विसरतात आणि निबंधकाच्या टेबलावर जाऊन अडकतात.

दुसरं भोक झेरॉक्सचं. पहिला करार नोंदलेला असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत मिळते. झेरॉक्सवर नोंदणीचा क्रमांक आणि साल असतंच. शिवाय मूळ प्रत हरवल्याची पोलिसांकडे नोंद, वकिलामार्फत दोन वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस आणि आईचं हमीपत्र. एवढ्यावर बहुतेक बँका पुढे जातात. नोटिशीच्या मुदतीत कुणाची हरकत आली नाही की वकील तसा दाखला देतो, तोही फाईलला लावायचा.

हे सगळं गिऱ्हाईक यायच्या आधी करायचं. टोकन घेतल्यावर करायला बसलात तर गिऱ्हाइकाचा धीर सुटतो, त्याचं मंजूर कर्ज लटकतं आणि मग तो भाव पाडून मागतो.

पर्जन्य

मला विकण्याचाच विचार पटत नाही. १९८३ ची सोसायटी मुलुंड पूर्वेला! तिथे गल्लोगल्ली पुनर्विकास चाललाय. चार-पाच वर्षं थांबलात तर नवं घर, जास्त कार्पेट, लिफ्ट, शिवाय कॉर्पस, म्हणजे विकासकाकडून मिळणारी एकरकमी रक्कम. आईला तोवर तुमच्याकडे ठेवा आणि घर भाड्याने द्या. मराठी माणसाने मुलुंड-दादर-गिरगावातलं घर विकलं की तो परत तिथे येत नाही. माझ्या काकांनी १९९८ ला पार्ल्याचं घर विकून डोंबिवली गाठली, आज त्या पैशात पार्ल्यात एक खोली मिळत नाही.

मुलुंडची_लेक

पर्जन्य, तुमची कळकळ पोचली. पण सोसायटीने आत्ता कुठे सल्लागार नेमलाय, विकासक ठरायचाय, दोन सभासद कोर्टात आहेत. आई ७१ वर्षांची आहे. तिला माझ्या घरात पाहुणी म्हणून राहायचं नाही, स्वतःच्या स्वयंपाकघरात राहायचंय. मला तिला ते आत्ता द्यायचंय.

अबोली

अगदी बरोबर. गुडघे पुनर्विकासासाठी थांबत नाहीत.

पण पर्जन्य यांच्या म्हणण्यातला एक भाग कामाचा आहे. पुनर्विकासाची आशा हा तुमच्या घराच्या किमतीचा भाग आहे. गिऱ्हाईक लिफ्ट नाही म्हणून पैसे कमी करेल तेव्हा सर्वसाधारण सभेचे ठराव त्याच्यासमोर ठेवा. आणि करारात स्वच्छ लिहा की पुढे मिळणारं भाडं, कॉर्पस, जास्तीचं क्षेत्र सगळं घेणाऱ्याचं. हे न लिहिल्यामुळे भांडणं झालेली मी आमच्याच इमारतीत पाहिली आहेत.

सचिव१०२

घाटकोपरच्या एका सोसायटीचा सचिव आहे, त्या बाजूने लिहितो.

वारसाच्या नावावर शेअर करायला सोसायटी प्रीमियम घेऊ शकत नाही. नंतर विक्रीच्या वेळी हस्तांतरण प्रीमियम जास्तीत जास्त २५,००० रुपये. ९ ऑगस्ट २००१ च्या शासन निर्णयापासून हीच मर्यादा आहे. त्याशिवाय हस्तांतरण फी ५०० आणि नव्या सभासदाची प्रवेश फी १००. देणगी, रंगकाम निधी, जिना दुरुस्ती असल्या कुठल्याही नावाने याच्या वर मागितलं तर लेखी मागा म्हणावं. लेखी कुणी देत नाही. दिलंच तर टी वॉर्डाच्या उपनिबंधकांकडे तक्रार करता येते.

आदर्श उपविधीप्रमाणे घर विकायला सोसायटीच्या ना हरकत दाखल्याची सक्ती नाही. पण बँक तो मागतेच, त्यामुळे अर्ज करावा लागतो आणि कमिटीची बैठक महिन्यातून एकदा असते. म्हणून आत्ताच सचिवांना भेटा, बैठक कधी आहे विचारा आणि अर्ज त्याच्या आधी द्या. एक बैठक हुकली की महिना गेला.

संरचनात्मक तपासणीचा अहवालही मागून ठेवा. ३० वर्षांवरच्या इमारतींना तो बंधनकारक आहे. सी-१ शेरा असेल तर इमारत रिकामी करायची असते, तिथे कर्जाचा प्रश्नच येत नाही. सी-२ बी, सी-३ असेल तर काळजी नको.

ठाणेकर सीए

सल्ला म्हणून नव्हे, दिशा म्हणून लिहितोय; आकडे तुमच्या सीएकडून तपासून घ्या.

आधी ते २० लाख रोख. कृपया नको. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर घेणाऱ्यावर तेवढाच दंड बसू शकतो. घेणारी म्हणजे तुमची आई. शिवाय करारात ६५ लाख दिसतील. रेडी रेकनरप्रमाणे, म्हणजे सरकारी दरतक्त्याप्रमाणे, तुमच्या घराचं मूल्य किती येतं ते काढलंत का? ते मूल्य करारातल्या किमतीपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त वर गेलं तर आयकर रेकनरचीच किंमत धरतो. म्हणजे न दिसलेल्या पैशांवरही कर, आणि ते रोख पैसे ठाण्याच्या घरात घालता येणार नाहीत ते वेगळंच.

आता नफा. वारशाने आलेल्या घराला बाबांचीच खरेदी आणि बाबांचाच काळ धरतात. १ एप्रिल २००१ च्या आधीची खरेदी असल्यामुळे त्या दिवशीचं मूल्य घेता येतं, नोंदणीकृत मूल्यांककाकडून दाखला घ्या. ते त्या दिवशीच्या रेकनरपेक्षा जास्त धरता येत नाही. समजा २००१ चं मूल्य ७ लाख आणि विक्री ९८ लाख. जुन्या पद्धतीने २०२५-२६ चा महागाई निर्देशांक ३७६ (म्हणजे ३.७६ पट) लावला तर खर्च २६.३२ लाख, नफा ७१.६८ लाख, २० टक्क्यांनी कर १४ लाखांच्या वर. नव्या पद्धतीने निर्देशांक नाही, नफा ९१ लाख, पण १२.५ टक्क्यांनी कर ११ लाख ३८ हजारांच्या आसपास. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घराला निवासी व्यक्तीला यातलं कमी असेल ते निवडता येतं. मुंबईतल्या जुन्या घरांना बहुधा नवी पद्धतच स्वस्त पडते. निर्देशांक गेला म्हणून लोक उगाच धास्तावलेत.

आणि हा करही टाळता येतो, कायदेशीरपणे. नफ्याएवढी रक्कम दुसऱ्या राहत्या घरात घातली की सूट. तयार घर विक्रीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत घ्यायचं. पण ज्याने विकलं त्यानेच घ्यायला हवं. ठाण्याचं घर कुणाच्या नावावर घेताय?

मुलुंडची_लेक

सीए साहेब, बरं झालं विचारलंत. थोडं कर्ज मी काढणार आहे म्हणून ते माझ्या नावावर घ्यायचं चाललं होतं.

ठाणेकर सीए

नको. आईचं नाव पहिलं ठेवा, तुमचं दुसरं. मुलुंडच्या विक्रीचे पैसे आईच्या खात्यात येऊ द्या आणि आईच्याच खात्यातून ठाण्याच्या मालकाला जाऊ द्या. बँकेच्या नोंदीत हे स्वच्छ दिसलं पाहिजे.

हक्कसोडपत्राचा आणखी एक फायदा. भाऊ अनिवासी आहे. तो विकणाऱ्यांत राहिला तर त्याच्या हिश्श्यावर गिऱ्हाइकाला अनिवासींच्या दराने टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा आयकर, कापावा लागतो, किंवा भावाला आयकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला आणावा लागतो. त्या कटकटीला घाबरून चांगली गिऱ्हाइकं पळतात. आई एकटी विकणार असेल तर सरळ एक टक्का. अर्थात भावाने हक्क सोडायचा की नाही हा पूर्णपणे त्याचा निर्णय. त्याचा हिस्सा आहे, त्याला शांतपणे सगळं समजावून सांगा.

गिरगावकर

धागा वाचतोय, मनापासून आभार. आमची ठाकूरद्वारला पागडीची खोली आहे, तिलाही हेच लागू पडेल का?

जुना पार्लेकर

नाही, पागडीचं गणित निराळं. तिथे तुम्ही मालक नसून भाडेकरू आहात, भाडेपावती मालकाच्या संमतीनेच दुसऱ्याच्या नावावर होते आणि तो आपला वाटा घेतो. बँका पागडीवर कर्ज देत नाहीत, त्यामुळे गिऱ्हाईक स्वतःच्या पैशांचंच शोधावं लागतं. वेगळा धागा काढा, सविस्तर लिहीन.

भांडुपचा एजंट

मी याच पट्ट्यात घरांची कामं करतो. सगळे एजंट सारखे नसतात, म्हणून लिहावंसं वाटलं.

भाव ठरवताना वेबसाइटवरच्या जाहिराती पाहू नका, त्या मागणीच्या किमती असतात. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च मोफत आहे. गाव, सीटीएस (नगर भूमापन) नंबर आणि साल टाकलं की तुमच्या आजूबाजूच्या सोसायट्यांतल्या प्रत्यक्ष नोंदलेल्या व्यवहारांचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचे गोषवारे, दिसतात, किमतीसकट. मजला आणि क्षेत्रफळ जुळणारे दोन-तीन सापडले की तोच खरा भाव. क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये असतं, १०.७६४ ने गुणा. कार्पेट आहे की बिल्टअप तेही बघा.

मागणी त्या भावाच्या किंचित वर ठेवा, खूप वर नको. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत या भागात खरोखर घर शोधणारी सगळी माणसं तुमचं घर पाहून घेतात. तेव्हा भाव फार वाटला तर ती परत येत नाहीत, आणि मग तुम्ही कितीही उतरवलात तरी "हे घर कधीचं पडून आहे" अशी बोलवा होते.

दहा एजंटांना देऊ नका. प्रत्येक जण वेगळा भाव सांगतो आणि गिऱ्हाइकाला वाटतं मालक अडचणीत आहे. एक किंवा दोन पुरे, आणि दलाली आधीच ठरवून घ्या, आमच्याकडे एक ते दोन टक्के चालतं. दिवाळीपर्यंत विकायची निकड आहे हे मात्र एजंटालासुद्धा सांगू नका.

तिसरा मजला म्हणजे वरून गळतं का? गळत असेल तर आत्ता पावसातच सोसायटीला पत्र द्या. गच्ची सोसायटीची असते, दुरुस्ती त्यांनी करायची. ओल दिसणाऱ्या भिंतीवर नुसता रंग मारून लपवू नका, गिऱ्हाईक पहिला हात तिथेच लावतं. बाकी किचन बदलणं, फरशी बदलणं यात पैसे घालू नका, घेणारा सगळं तोडणारच असतो. जड दिवाण, लोखंडी कपाटं, माळ्यावरचं सामान काढा. ४०५ फुटांत रिकामी जागा दिसणं फार महत्त्वाचं.

आणि त्या दहा दिवसांच्या गिऱ्हाइकाबद्दल. तो तुमच्याकडून फक्त एमओयू (प्राथमिक समजुतीचा कागद) आणि कुलमुखत्यारपत्र मागत असेल तर सावध राहा. थोडं टोकन देऊन तुमचं घर अडकवायचं आणि मधल्या काळात तिसऱ्यालाच जास्त भावाने विकायचं, हा जुना प्रकार आहे. कुलमुखत्यारपत्र देऊ नका.

मुलुंडची_लेक

खरंच कुलमुखत्यारपत्राचंच बोलत होता! आईला हे वाचून दाखवलं. तिनेच त्या एजंटाला फोन करून नाही सांगितलं. भाऊ गणपतीला येतोय, तेव्हा हक्कसोडपत्र करून टाकू.

अबोली

भावाने दुबईहून निघायच्या आधीच नोंदणीची वेळ घेऊन ठेवा. गणेश चतुर्थीला कार्यालय बंद, त्यामुळे विसर्जनानंतरचा कामाचा दिवस धरा. दोन साक्षीदार, सगळ्यांचे आधार-पॅन, बाबांचा मृत्यू दाखला. पुढे पितृपक्षात तसंही कुणी टोकन देत नाही, त्या पंधरवड्यात सोसायटीचं आणि नोटिशीचं काम उरकेल. नवरात्रात घर दाखवायला काढा. दसऱ्याला घराचं बोलणं करायची आपल्याकडे रीतच आहे.

पर्जन्य

मी आधी वेगळं लिहिलं होतं, पण आईंसाठी मनापासून शुभेच्छा. मुलुंडमध्येच तळमजल्यावर किंवा लिफ्टचं काही मिळतंय का, तेवढं एकदा पाहा ही विनंती. ओळखीची माणसं, वाचनालय, देऊळ हेही या वयात लागतं.

मुलुंडची_लेक

पाहिलं होतं, बजेटमध्ये बसत नाही. पण ठाण्याची इमारत नौपाड्यात आहे, आईची मावसबहीण पुढच्याच गल्लीत राहते.

मुलुंडची_लेक

सगळ्यांना कळवायला आले. व्यवहार ठरला!

गणपती झाल्यावर हक्कसोडपत्र नोंदलं. भावाने सही करताना आईला सांगितलं की हे घर तुझंच होतं. पहिल्या कराराची प्रमाणित प्रत मिळाली, नोटिशीवर कुणाचीही हरकत आली नाही. सोसायटीने आईचं नाव शेअर सर्टिफिकेटवर चढवलं. गच्चीच्या गळतीचं पत्र दिल्यावर कमिटीने डांबर टाकून घेतलं. ई-सर्चवर शेजारच्या सोसायटीतले दोन व्यवहार सापडले, त्यावरून १ कोटी २ लाख मागणी ठेवली.

नवरात्रात पाच-सहा कुटुंबं येऊन गेली. घेणारं जोडपं भांडुपचं आहे, मुलीची शाळा इथे आहे आणि त्यांचे आईवडील मागच्याच रस्त्यावर राहतात. ९७ लाखांवर ठरलं, सगळे चेकने. घर फक्त बायकोच्या नावावर घेताहेत, म्हणजे महिला सवलतीने मुद्रांक शुल्क सहाऐवजी पाच टक्के, ९७ हजार वाचले त्यांचे. त्यांच्या बँकेच्या वकिलाने फाईल पाहून एकच कागद जास्तीचा मागितला, संरचनात्मक तपासणीचा अहवाल, तो सी-२ बी आहे आणि आमच्याकडे तयार होता. करार नोंदला. कर्जाची रक्कम आली की त्याच दिवशी चावी द्यायची असं करारातच लिहिलंय, आधी नाही. ठाण्याच्या मालकालाही कळवलं, त्या घरावर आईचं नाव पहिलं.

जुना पार्लेकर काका, सीए साहेब, सचिव, एजंट दादा, अबोली, तुमचे सगळ्यांचे उपकार आहेत. आई तुम्हा सगळ्यांना आशीर्वाद सांगते.

जुना पार्लेकर

फार बरं वाटलं. गिऱ्हाइकाने कापलेला एक टक्का टीडीएस, म्हणजे ९७ हजार, आईच्या पॅनवर जमा झाल्याचं तपासा. त्याने भरल्यावर तुम्हाला प्रमाणपत्र द्यायचं असतं, ते मागून घ्या. विवरणपत्र भरताना परतावा मिळेल.

गिरगावकर

अभिनंदन ताई! एक बारीक प्रश्न, वीज आणि गॅसचं काय करतात? आमच्या भावाने घर विकलं तेव्हा पुढची दोन वर्षं बिलं त्याच्याच नावाने येत होती.

सचिव१०२

मुलुंडला महावितरण आहे. चावी देण्याच्या दिवशी मीटरचं रीडिंग दोघांनी मिळून फोटो काढून ठेवायचं, तोवरचं बिल विकणाऱ्याने भरायचं आणि नाव बदलाच्या अर्जावर सही करून द्यायची. महानगर गॅसलाही तसंच, तिथे ठेव असते, ती नव्या मालकाकडून घेऊन टाका किंवा परत मागा. मालमत्ता कर सोसायटीच्या बिलातून जात असेल तर वेगळं काही नाही. आणि ताई, आईंचं मतदार यादीतलं नाव ठाण्याला हलवायचा अर्जही लगेच भरून टाका.